दारावरचे दोन खिळे

रविवार, २९ ऑगस्ट १९९३

खुंटा नाही! दारावर नुसते दोन खिळे.

चर्च सुटल्यावर डेल हॅस्केट परस्पर इकडेच आला. माझ्या बायकोच्या, आर्डिथच्या, भावाचा मुलगा, यंदा गावाच्या शताब्दी समितीचा अध्यक्ष. म्हणाला, "काका, खुंटा न्यायला आलोय. मिरवणुकीची गाडी सजवायला घेतली." मी म्हटलं, "ने की. मागच्या पडवीत, दारावर आहे." तो आत गेला. मग हाक आली — "काका, जरा इकडे या बरं."

दोघंही माना वर करून उभे राहिलो. दोन खिळे, आणि मध्ये भिंतीच्या रंगाचा एक फिकट पट्टा. "कधी काढला?" डेलनं विचारलं. मला सांगता येईना. खरंच सांगता येईना! शेहेचाळीस वर्षं त्या दाराखालून जातोय-येतोय, पण वर बघायचं नाही ही माझी सवय. सवय कसली, हट्टच तो. आर्डिथला ठाऊक होता. तिनं त्यावरून कधी शब्द काढला नाही.

आता ती नाही. एप्रिलपासून नाही. आणि खुंटा कुठं गेला हे सांगायला घरात दुसरं कुणी नाही.

डेल म्हणाला, "सापडेल हो." पण गाडीत बसेपर्यंत दोनतीनदा मागं वळून बघितलं त्यानं.

सोमवार, ३० ऑगस्ट

कोठार पाहिलं, वादळात उतरायचं तळघर पाहिलं, शिवणयंत्रामागं, पलंगाखाली. नाही. तिचे बागेतले हातमोजे सापडले. बोटं अजून तिच्यासारखी वाकलेली आहेत. ते घेऊन बसून राहिलो. शोधायचं राहून गेलं.

बुधवार, १ सप्टेंबर

केस कापायला गावात गेलो. सगळं गाव दाढीत! समितीचा फतवा आहे — सोळा तारखेपर्यंत प्रत्येक पुरुषानं पणजोबांसारखी दाढी वाढवायची. जो वाढवणार नाही त्याला चौकातल्या लाकडी पिंजऱ्यात उभं करणार, वर दंड. बँकेचा मॅनेजरसुद्धा अस्वलासारखा दिसायला लागलाय. माझ्या हनुवटीवर आयुष्यात कधी सात-आठ केसांच्या वर पीक आलं नाही. लॉईड न्हावी ओरडला, "चीफ, तुला माफी! तुमच्या लोकांना सूट आहे!" सगळे हसले. मीही हसलो. मी चेरोकी इंडियन, म्हणून इथं मला सगळे चीफच म्हणतात. पहिली काही वर्षं राग यायचा, मग रागाचाच कंटाळा आला.

पण आज हसणं लवकर थांबलं. कात्री चालवता चालवता लॉईड म्हणाला, "हॅस्केटांचा खुंटा सापडत नाही म्हणे?"

"शोधतोय."

"हं."

गाव एवढंसं आहे. बातमी माझ्या आधीच खुर्चीत येऊन बसली होती.

येताना उन्हानं मान भाजली. माझी चांगली राखाडी टोपी आर्डिथला पुरलं त्या दिवशी डोंगरावर राहिली. प्रार्थनेला काढली, शेजारी कसलीशी खुंटी होती तिला अडकवली, आणि तसाच उघड्या डोक्यानं खाली आलो. त्या दिवशी डोकं होतं की नव्हतं तेही आठवत नाही. लिडियाताई, माझी मोठी बहीण, तिकडेच राहते; फोनवर दरवेळी सांगते, "आहे तुझी टोपी. ये आणि घेऊन जा." गेलो नाही.

शुक्रवार, ३ सप्टेंबर

पलीकडच्या शेतावरची मॅक्सीन मॅकरोनीचं भांडं घेऊन आली. आर्डिथ गेल्यापासून आठवड्याला एक भांडं येतं. समितीत मिरवणुकीचं काम तिच्याकडे आहे. जरा इकडचं तिकडचं झालं आणि मग मुद्द्यावर आली. "ईनस, शंभरावं वर्ष आहे. तू पहिल्या गाडीत बसावंस असं सगळ्यांचं म्हणणं आहे. पिसांचा टोप मी मागवते, कॅटलॉगात आहे, अगदी पाठीपर्यंत येणारा."

"आमची माणसं पिसांचा टोप घालत नव्हती, मॅक्सीन. पागोटं बांधायची."

"पागोटं?"

"रंगीत कापडाचं. आजोबांचा फोटो आहे तसा. दाखवू?"

तिचा चेहरा पडला. "अरे, पण मग लोकांना कळणार कसं, तू कोण ते?"

"इतक्या वर्षांत कळलं नसेल तर राहू दे आता."

हसली बिचारी. मनानं वाईट नाही. उठताना म्हणाली, "नाहीतरी त्या दिवशी तू नदीवरच असतोस म्हणा."

ते खरं. दर सोळा सप्टेंबरला मी सॉल्ट फोर्कवर गळ टाकून बसतो. मासे लागोत न लागोत. आणि इकडे शेताच्या नैऋत्य कोपऱ्यावर बरोबर दुपारी बाराला हॅस्केटांचा खुंटा ठोकला जातो. आर्डिथच्या आजोबांनी, ओरिन हॅस्केटनी, पहिल्यांदा जिथं ठोकला तिथंच. आधी आर्डिथचा बाप ठोकायचा, मग भाऊ, तो गेल्यावर आर्डिथ. ठोकायचा, प्रार्थना म्हणायची, उपटायचा, पुसून परत दारावर चढवायचा. एक वर्ष खंड नाही. हॅस्केटांच्या रक्ताशिवाय कुणाचा हात लागता कामा नये, हा नियम. म्हणजे घरात एक माणूस असा होता की ज्यानं त्याला कधी हात लावला नाही आणि कधी बघितलंही नाही. दोघं एका छपराखाली नांदलो, खुंटा आणि मी.

हे लोक म्हणतात, जमीन मिळाली. आमच्या घरी म्हणायचे, पट्टा गेला. गोष्ट एकच. सरकारनं हात पिरगाळून चेरोकींचा हा जमिनीचा पट्टा विकत घेतला, सीमेवर लाखभर माणसं घोड्या-गाड्यांसकट उभी केली, भर दुपारी बार काढला — पळा! ज्याचा खुंटा आधी, त्याची एकशे साठ एकर. पट्ट्याच्या पैशातला वाटा माझ्या आजोबांनाही मिळाला. त्यातून त्यांनी भिंतीवरचं घड्याळ घेतलं. ताईच्या घरी अजून आहे. मागं पडतं.

आर्डिथ म्हणायची, "आमच्या आजोबांचं कौतुक मला नको सांगूस. त्यांच्या घोड्याच्या अंगावर घामाचा नाही, साबणाचा फेस होता म्हणे!" म्हणजे बार व्हायच्या आधीच आत घुसून झुडपात दबा धरून बसले, आणि नंतर घोड्याला साबण फासून लांबून दौडत आल्याचं सोंग केलं. तसे पुष्कळ होते. खरं-खोटं देव जाणे. बापासमोर बोलायची नाही. माझ्यापाशी बोलायची आणि तोंडावर हात ठेवून हसत सुटायची.

तिचं हसणं आज फार आठवलं. मॅकरोनी तशीच आहे.

रविवार, ५ सप्टेंबर

चर्चमागच्या हॉलमध्ये जेवण होतं. सगळ्यांनी एकेक पदार्थ आणायचा. मी नेहमी आर्डिथच्या पदार्थाबरोबर जायचो, आज पावाची पिशवी नेली. ती कुणी उघडलीच नाही.

माझ्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या. शेवटी मॅक्सीन येऊन बसली. हळूच म्हणाली, "खरं सांग. रागाच्या भरात शेगडीत तर नाही ना घातलास? सांगितलंस तर कुणी काही म्हणणार नाही." इतक्या मायेनं विचारलं की ते जास्तच लागलं.

मी म्हटलं, "घालायचाच असता तर लग्नाच्या वर्षी घातला असता. तेव्हा सरपणाची गरज होती." थट्टा होती. कुणी हसलं नाही. आजूबाजूचे सगळे ऐकत होते!

लॉईडची बायको समोरून म्हणाली, "आर्डिथला आपल्या मातीतून उचलून तिकडे डोंगरात नेऊन पुरलंत, तेव्हाही आम्ही गप्पच बसलो."

असं आहे तर! हे मनात होतं. अरे, मी नाही नेली तिला. तिनंच सांगितलं होतं. दवाखान्यात, माझा हात धरून — "मला इथला वारा नको. जन्मभर खाल्लाय. तिकडे सावली आहे, तुझ्या आईशेजारी." मी तेव्हाही सगळ्यांना सांगितलं होतं. ऐकून घेतलं त्यांनी, विश्वास ठेवला नाही. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात.

आता ती माझ्या माणसांत पडली आहे आणि मी तिच्या माणसांत बसलोय. दोघंही आपापल्या माणसांत नाही.

सोमवार, ६ सप्टेंबर

सुट्टीचा दिवस. फोन वाजला. चुकीचा नंबर. बाईचा आवाज होता. जरा बोलायला हवं होतं.

बुधवार, ८ सप्टेंबर

ताईचा फोन. नेहमीप्रमाणे सुरुवातच भांडणानं — "अजून तिथंच का? कुणाची राखण करतोयस?"

"गहू पेरायचा आहे, ताई. पाऊस झाला की."

"गहू! ते एक निमित्त सापडलंय तुला."

खुंट्याचं सांगितलं. गाव काय बोलतं तेही सांगितलं. तर ही खो खो हसायला लागली. "वा रे वा! अख्खा पट्टा कुणी नेला, आणि एका लाकडाची चोरी कुणाच्या माथी! चोराच्या उलट्या बोंबा!" मग आणखी हसली. हसताना खोकला लागला, तरी थांबेना. मला राग आला. इथं माझ्याशी कुणी धड बोलत नाही आणि हिला हसू फुटतंय. "एवढं हसायला काय झालं?" म्हटलं.

"काही नाही रे. टोपी न्यायला ये म्हणून कधीची सांगतेय तुला."

फोन ठेवला. जे विचारायचं होतं ते विचारलंच नाही.

इथं लिहितो. आर्डिथच्या एका बाजूला आई आहे. दुसऱ्या बाजूला मोकळी जागा आहे, एका माणसापुरती. पण टेकडी भरत आली. चुलतभाऊ सायलस आणि त्याची माणसं त्या बाजूला राहतात, त्यांचीही म्हातारी झालेली माणसं आहेत. आमच्याकडे असल्या जागेचा कागद नसतो. जो घरचा, जो येतो-जातो, उन्हाळ्यात वर जाऊन गवत काढतो, कुणी मेलं की खड्डा खणायला फावडं घेऊन हजर होतो — त्याची जागा. मी यातलं काय केलं? वीस-बाविसाव्या वर्षी घर सोडलं ते सोडलं. कोणत्या तोंडानं मागू?

पण तिच्या शेजारी दुसरं कुणी झोपलं तर मला ते सहन होणार नाही. एवढंच आहे. दुसरी कसलीही भीती आता उरली नाही.

लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

शुक्रवार, १० सप्टेंबर

डेल कागद घेऊन आला. स्वयंपाकघरात बसला, टोपी गुडघ्यावर ठेवून फिरवत राहिला. कॉफी दिली. आर्डिथसारखी झाली नव्हती, तरी संपवली पोरानं.

म्हणाला, "काका, वाईट वाटून घेऊ नका. शंभर वर्षं एकाच घराण्याकडे राहिलेल्या शेतांना राज्याकडून पाटी मिळणार आहे. तालुक्यात मोजकीच आहेत. पणजोबांचं शेत त्यात हवं."

"मग आहे की. कुठं गेलंय शेत?"

"आत्यानं ते तुमच्या नावावर ठेवलं."

"हो."

"तुम्ही घरचेच आहात हो काका. पण नाव..."

"नाव हॅस्केट नाही."

मग त्यानं भराभर बोलून टाकलं — योग्य भाव देईन, घर तुमचंच, हवं तितकी वर्षं राहा, फक्त जमीन माझ्या नावावर होऊ दे. आपलंच घोडं दामटत होता, पण लाजत दामटत होता. वाईट मुलगा नाही. लहानपणी माझ्याच ट्रॅक्टरवर चालवायला शिकला. मला मनातून हसू येत होतं. शंभर वर्षांनी पट्ट्यातली एकशे साठ एकर एका चेरोकीच्या नावावर आली — लढाई नाही, कोर्ट नाही, नुसती एका बाईच्या प्रेमानं आली — आणि एवढ्यानं गावाची शताब्दी अडली!

जाता जाता म्हणाला, "खुंट्याचं... सुताराकडून नवा करून घेतोय. लोकांना काय सांगू?"

"हरवला म्हणून सांग."

"शंभर वर्षांत हरवला नव्हता, काका."

मी त्याचा कप उचलला.

तो गेला आणि मी विचार करत बसलो. मला हे शेत कशाला? इथं कोण आहे? सही करावी, सामान भरावं, ताईकडे जावं. टेकडीवर गवत काढावं, चार मयतांना फावडं धरावं, म्हणजे घरचा होईन. सायलसच्या माणसांआधी. म्हणजे चौऱ्याहत्तराव्या वर्षी मलाही जागा धरायला धावायचंच आहे!

संध्याकाळी डेलला फोन करून सांगितलं — सोळाला ताईकडे जातो, परत आलो की सही. तो म्हणाला, "थँक यू, काका." आवाज भरून आला होता त्याचा. माझा नाही आला.

रविवार, १२ सप्टेंबर

चर्चला गेलो नाही. कुणाला जाणवलं नसेल.

प्रवासासाठी आर्डिथची गाडी काढली. हिवाळ्यापासून उभीच होती. मागची डिकी उघडली तर जुन्या घोंगडीत गुंडाळलेला घण! मोठा, खांब ठोकायचा. हा घण मी ख्रिसमसपासून शोधतोय. डेलनं नेला आणि परत केला नाही म्हणून दोनदा त्याच्यावर डाफरलोही आहे. तो म्हणत होता, काका, मी नाही नेला. मी म्हणत होतो, मग काय पाय फुटले त्याला?

आर्डिथनं घण गाडीत कशाला ठेवला असेल? लांबचा प्रवास तिनं शेवटचा केला तो गेल्या ऑक्टोबरात, ताईकडे, एकटीनं. डॉक्टरांनी सांगून झालं होतं. मी म्हटलं, येतो बरोबर. तर नको म्हणाली. "हिकरीचे दाणे आणते, तुझ्या कनुचीच्या साराला. तू इथलं बघ." आणलेही पोतंभर, अक्रोडासारखे टणक. पण हिकरी फोडायला घण कशाला? ताईकडे उखळ आहे.

जाऊ दे. मनातल्या मनात डेलची माफी मागितली. तोंडानं मागायला हवी.

मंगळवार, १४ सप्टेंबर

काल दिवसभर पाऊस. छान, मुरणारा. आज शेतात गेलो. वापसा आलाय! माती हातात घेतली तर लाल, गार, मुठीत दाबली की गोळा आणि बोट लावलं की मोकळी. असा वापसा पेरणीला दर वर्षी मिळत नाही. पेरणीयंत्र तेल घालून तयार आहे, बियाणं भरलेलं आहे, आणि मी हात बांधून उभा. कशाला पेरू? डेल पेरेल. त्याचं शेत.

याच तुकड्यात मी सेहेचाळीस साली कापणीच्या टोळीबरोबर आलो होतो. चिलोकोच्या इंडियन शाळेत यंत्रं शिकलेला, लढाईवरून परतलेला, खिशात काही नाही. आर्डिथ पाण्याचा घडा घेऊन बांधावर आली. सगळ्यांना दिलं. मला देताना म्हणाली, "तुम्ही चेरोकी ना? मग बसा की सावलीत. जमीन तुमचीच आहे." असं कुणी थट्टेनं बोलत नाही आणि असं कुणी खरंही बोलत नाही. मी पाणी प्यायचं विसरलो.

तिचा बाप लग्नानंतर तीन वर्षं माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. मग ऐन सुगीत यंत्र बंद पडलं. दारात येऊन ओरडला, "ते तुझं माणूस कुठंय?" तेवढंच. पण त्या दिवसापासून मी घरात होतो.

परत आलो तर पडवीत अ‍ॅपल पाय ठेवलेला, फडक्यानं झाकून. मॅक्सीनचं ताट. दार वाजवलं नव्हतं तिनं. पूर्वी वाजवायची. एकट्यानं निम्मा खाल्ला. उरलेल्याचं काय करायचं?

गुरुवार, १६ सप्टेंबर

सकाळी लवकर निघालो. गावातून जाताना सगळीकडे झेंडे, छपराच्या गाड्या, दाढ्याच दाढ्या. पोरं डोक्याला कागदी पिसं लावून फिरत होती. डेल चौकात शिडीवर चढून फलक बांधत होता. मला बघून हात केला. मीही केला. आज पहिल्यांदाच नदीकडे न वळता पुढं गेलो.

पूर्वेला जाता जाता झाडं सुरू झाली. मग डोंगर. ताईच्या दारात पोचलो तेव्हा आजोबांच्या त्या मागं पडणाऱ्या घड्याळात बारा वाजायचे होते, म्हणजे तिकडे पट्ट्यात बार होऊन गेला होता. सुताराचा खुंटा डेलनं ठोकला असेल.

ताईनं कनुची केली होती. हिकरीचा तो दाट, गोडसर वास सगळ्या घरात. "बारीक झालास," म्हणाली. "खा आधी." दोन वाट्या खाल्ल्या. खूप दिवसांनी दोन वाट्या.

मग एका दमात सांगून टाकलं. "ताई, मी कायमचा इकडे येतो. शेत डेलला देऊन टाकतो. टेकडीवरचं गवत मी काढत जाईन. तू सायलसला सांग... ती आर्डिथशेजारची जागा. आणखी काही मागत नाही मी."

ताईचा हात थांबला. पळी तशीच भांड्यात. हसेल असं वाटलं, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"एवढ्यासाठी शेत देतोयस?"

"हो."

"मूर्खा!" म्हणाली. "तू अगदी आईवर गेलास. समोरचं दिसत नाही." मग एप्रननं नाक पुसलं — आईचा तसाच होता — आणि म्हणाली, "उद्या सकाळी वर जाऊ. आज माझे गुडघे दुखतात." भांडी घासताना काहीतरी गुणगुणत होती.

शुक्रवार, १७ सप्टेंबर

टोपी मिळाली. उन्हापावसानं रंग गेलाय. अडकवली होती तिथंच होती — त्या मोकळ्या जागेच्या उशाशी, एका काळ्या पडलेल्या खुंट्यावर. टोपी उचलली. खाली कोरलेलं: ओ. एच., १८९३.

ताई म्हणाली, "ऑक्टोबरात घण घेऊन आली. म्हणाली, ताई, बंदूक आणा, आकाशात एक बार काढा. म्हटलं, काय खूळ हे? तर म्हणते, आजोबा आधी घुसले असतील, मी नाही घुसणार. सायलसची सगळी माणसं उभी होती. बार काढला — आणि पळाली रे ती! पाचसहा पावलं, धापा टाकत. स्वतःच्या हातानं ठोकला. म्हणाली, ही ईनसची. कुणी हूं की चूं केलं नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"नको म्हणाली. त्याला एकदा तरी खुंट्याकडे बघू दे, म्हणाली."

बघितलं. टोपी परत त्यालाच अडकवली.

आता कसली घाई नाही. डेलला सांगेन, कागद राहू दे. उद्या घरी जातो. वापसा आहे तोवर पेरणी उरकायची आहे.